वाचनाचा कोनाडा : शकुंतलेचा राग



गेल्या दिवाळीत कोलकात्यास मुलीकडे राहण्याचा योग आला. जावई नोकरीच्या निमित्ताने बरीच वर्षे तेथेच आहेत. त्यामुळे घरात मराठी, शाळेत इंग्रजी आणि जिन्यावर बंगाली, असा आमच्या नातीचा तीन भाषांचा संसार आहे. वय वर्षे बारा. रात्रीची जेवणे आटोपली की तिला काहीतरी वाचून दाखवावयाचे, हा आमचा जुना परिपाठ. या खेपेस मी ‘शाकुंतल’ निवडले. हाताशी एक जुने मराठी भाषांतर होते. त्यातील भाषा तिला जड जाईल, म्हणून वाचता वाचताच मी ती सोपी करीत होतो. कोठे श्लोकाचा नुसता भावार्थ सांगत होतो, तर कोठे चार ओळी गाळून पुढे जात होतो. थोडक्यात म्हणजे, कोणी नेमलेले नसताना मी कालिदासाचा संपादक होऊन बसलो होतो.

पाचवा अंक आला. शकुंतला दुष्यंताच्या राजसभेत येते. दुर्वासाच्या शापामुळे राजा तिला ओळखत नाही. ओळख पटविणारी मुद्रिका वाटेत शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली असते. ती आश्रमातील हरिणपाडसाची आठवण सांगते, तर राजा स्त्रीजातीच्या चातुर्यावर टोमणा मारतो. तेव्हा शकुंतलेचा संयम सुटतो आणि ती त्या सम्राटाला भरसभेत ‘अनार्य’ म्हणते. मी नेमका हाच भाग गाळला. लहान मुलीपुढे असले कठोर बोल कशाला, असे काहीसे त्या वेळी मनात आले असावे. ‘मग शकुंतला रडत रडत निघून गेली,’ एवढे सांगून मी पान उलटले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नात एक लहानसे बंगाली पुस्तक घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. शेजारच्या मासीमांकडून तिने ते मागून आणले होते. पुस्तक होते ईश्वरचंद्र विद्यासागर यांचे ‘शकुंतला’. मासीमांनी तिला राजसभेतील प्रसंग वाचून समजावून दिला होता.

‘आजोबा, ती नुसती रडत गेली नाही,’ नात म्हणाली, ‘ती राजाला चांगली रागावली. तुम्ही ते सांगितलंच नाही.’

मला उत्तर देता आले नाही. तिच्या आवाजात तक्रारीपेक्षा आश्चर्य अधिक होते, आणि तेच मला जास्त लागले. मूळ नाटक तिने वाचलेले नाही. माझ्यावर विश्वास ठेवून ती ऐकत होती. मी जे सांगेन तेच तिचे शाकुंतल होणार होते. जुने नाटक सोपे करून सांगणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे त्या क्षणी मला कळले.

जुनी नाटके आजच्या वाचकासाठी संक्षिप्त करावीत काय, त्यांची भाषा नवी करावी काय, आणि करावी तर कोठवर, हा प्रश्न अनेक घरांतून निरनिराळ्या रूपांत उभा राहतो. मुलांना मूळ पुस्तक झेपत नाही आणि सोपे पुस्तक हाती दिले तर आपण काही चोरले असे वाटत राहते. या प्रश्नाचा विचार करावयास कोलकात्यासारखे दुसरे शहर क्वचितच सापडेल. कारण शाकुंतलाच्या संपादनाचा एक मोठा इतिहास याच शहरात घडलेला आहे.

त्याचा आरंभ एका न्यायाधीशापासून होतो. सर विल्यम जोन्स हे कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. हिंदूंमध्ये ‘नाटक’ नावाचा एक ग्रंथप्रकार आहे हे त्यांच्या कानी आले होते, परंतु ते नेमके काय असते हे कळेना. अखेर एका पंडिताने त्यांना सांगितले की, हिवाळ्यात कलकत्त्यातील इंग्रज मंडळी जे खेळ करतात तसेच हे असते. मग जोन्स यांनी शाकुंतल हाती घेतले. प्रथम त्यांनी ते शब्दाला शब्द ठेवून लॅटिनमध्ये उतरविले, कारण त्या भाषेची रचना त्यांना संस्कृताला जवळची वाटली. मग तेथून ते इंग्रजीत आणले. १७८९ साली कलकत्त्यात ते छापले गेले आणि त्याच्या विक्रीचे उत्पन्न कर्ज फेडू न शकणाऱ्या दिवाळखोरांच्या मदतीसाठी राखले गेले. पुढे १७९१ मध्ये त्यावरून जर्मन भाषांतर झाले आणि ते वाचून महाकवी गटे मोहून गेला, ही कथा आपल्या परिचयाची आहे.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट जोन्स यांच्या प्रस्तावनेत आहे. हे सात अंकांचे नाटक सहज पाच अंकांत बसविता येईल, तिसरा अंक दुसऱ्यात आणि सहावा पाचव्यात मिसळावा, विदूषकाशी चाललेले राजाचे संभाषण वगळले तरी नाटकाचे काही बिघडणार नाही, असे त्यांनी तेथे सुचविले आहे. परंतु स्वतः त्यांनी तशी कात्री चालविली नाही. अंक सातच ठेवले. संक्षेप करता येईल असे वाटणे आणि तो करून मोकळे होणे या दोन गोष्टींमध्ये त्यांनी अंतर राखले. आमच्यासारख्या उतावळ्या संपादकांनी एवढे जरी शिकावे तरी पुष्कळ आहे.

यानंतर पासष्ट वर्षांनी त्याच शहरात विद्यासागरांनी लेखणी उचलली. जोन्स यांचा वाचक सातासमुद्रांपलीकडचा होता, तर विद्यासागरांचा वाचक पलीकडच्या गल्लीतला. संस्कृत न येणारा बंगाली माणूस, हा तो वाचक. त्या काळी संस्कृत शिकणे हे ज्याला वाटेल त्याला शक्य नव्हते. खुद्द कलकत्त्याच्या संस्कृत महाविद्यालयात केवळ ब्राह्मण आणि वैद्य कुळांतील मुलांना प्रवेश असे. विद्यासागर तेथे प्राचार्य झाल्यावर १८५१ साली कायस्थांसाठी आणि १८५४ साली इतर प्रतिष्ठित हिंदू ज्ञातींसाठी ते दार उघडले. मुलींसाठी १८४९ मध्ये निघालेल्या बेथून यांच्या शाळेचेही ते चिटणीस होते. अशा माणसाने त्याच १८५४ साली शाकुंतल बंगाली गद्यात आणावे, यात योगायोग फारसा नाही. एक दार त्यांनी महाविद्यालयाचे उघडले, तर दुसरे पुस्तकाचे.

त्यांनी केले काय, ते पाहण्यासारखे आहे. नाटकाचे त्यांनी आख्यान केले. नांदी आणि सूत्रधार गेले. कथेचा आरंभ थेट दुष्यंताच्या मृगयेपासून होतो. श्लोकांचे गद्य झाले. सात अंकांचे सात परिच्छेद झाले. शृंगाराची वर्णने त्यांनी आवरती घेतली, कारण पुस्तक घरोघर आणि शाळांतून वाचले जावे अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे गाळण्याचे काम त्यांनीही केले. तथापि, राजसभेतील शकुंतलेचा संताप त्यांनी गाळला नाही. ज्या गृहस्थाने १८५५ च्या जानेवारीत विधवाविवाहाच्या बाजूने पुस्तिका काढून साऱ्या बंगालचा रोष पत्करला, आणि ज्याच्या खटपटीमुळे १८५६ साली त्याविषयीचा कायदा झाला, त्याला अन्याय झालेल्या स्त्रीचा राग ही गाळण्याजोगी गोष्ट वाटली नसावी. काय आवरते घ्यावे आणि कशाला हात लावू नये, याचा त्यांचा विवेक येथे दिसतो.

या पुस्तकाच्या प्रारंभी त्यांनी जे निवेदन केले आहे ते तर प्रत्येक रूपांतरकाराने भिंतीवर लावून ठेवावे असे आहे. ज्यांनी मूळ नाटक वाचले आहे त्यांना या दोहोंतील अंतर तात्काळ कळेल आणि कालिदासाची ओळख अशा रीतीने करून दिल्याबद्दल ते मला मनातल्या मनात शेकडो वेळा दोष देतील, अशा आशयाचे त्यांचे शब्द आहेत. एवढ्यावर न थांबता, हे आख्यान रचून आपण कालिदासाची अवमाननाच केली आहे, अशी कबुलीही ते देतात. हा लटका विनय नव्हे. आपण देतो आहोत तो प्रसाद आहे, मूर्ती अजून आत गाभाऱ्यात आहे, असे ते वाचकाला सांगत होते. आणि ती मूर्तीही त्यांनी लोकांसमोर आणली. १८७१ साली त्यांनी मूळ संस्कृत शाकुंतलाची आवृत्ती स्वतः संपादित करून प्रसिद्ध केली. सोपे पुस्तक आणि मूळ पुस्तक, दोन्ही एकाच हातचे. ज्याला पहिल्याने गोडी लागेल त्याला दुसरे मिळाले पाहिजे, ही त्यातील दृष्टी आहे.

त्याहीपेक्षा धीट प्रयोग त्यांनी १८६९ मध्ये केला. शेक्सपिअरच्या ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ या नाटकावरून त्यांनी ‘भ्रांतिविलास’ हे आख्यान लिहिले. दोन जुळे भाऊ आणि त्यांचे दोन जुळे नोकर यांच्या चुकामुकीची ही गोष्ट. शहरांची नावे झाली हेमकूट आणि जयस्थल. जुळे भाऊ झाले चिरंजीव, नोकर झाले किंकर, आणि त्यांचा दुर्दैवी पिता झाला सोमदत्त. युरोपीय नावे बंगाली पुस्तकात कानाला रुचत नाहीत आणि इंग्रजी न जाणणाऱ्या वाचकाची त्यांच्यापाशी अडखळण होते, असे कारण त्यांनी दिले आहे. काव्य म्हणून हे नाटक शेक्सपिअरच्या इतर अनेक नाटकांहून उणे असले तरी त्यातील गोष्ट अतिशय गमतीची आहे, असेही त्यांनी प्रांजळपणे सांगून टाकले. काव्यापेक्षा कथानकावर उभे असलेले नाटक आख्यानात कमी सांडते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. पुढे या पुस्तकावरून १९६३ साली उत्तमकुमार यांचा बंगाली चित्रपट निघाला. आणि आपल्यापैकी पुष्कळांनी जो सहकुटुंब पाहिला असेल तो संजीवकुमार व देवेन वर्मा यांचा १९८२ सालचा ‘अंगूर’ हाही याच कथेचा वंशज होय. पोट धरून हसणाऱ्या किती जणांना आपण शेक्सपिअरच्या घरी पाहुणचार घेत आहोत याची जाणीव असेल?

शेक्सपिअरच्याच देशातील दोन उदाहरणे येथे आठवतात. दोन्ही १८०७ सालची. चार्ल्स लॅम आणि त्याची बहीण मेरी यांनी शेक्सपिअरच्या वीस नाटकांच्या कथा मुलांसाठी लिहिल्या. मूळ नाटकांतील शब्द जमेल तेवढे जपून, मुलांनी मोठेपणी मूळ नाटकांकडे जावे, या इच्छेने त्या लिहिल्या गेल्या. त्या अजूनही वाचल्या जातात. त्याच वर्षी बाउडलर कुटुंबाने घरात सर्वांसमोर वाचता यावा असा शुद्ध केलेला शेक्सपिअर काढला. जे जे शब्द खटकले ते ते त्यांनी काढून टाकले. हेतू वाईट नव्हता. परंतु पुढे त्या कुळाच्या नावावरून इंग्रजीत एक क्रियापदच तयार झाले आणि त्याचा अर्थ, सोवळेपणापायी पुस्तकाचे अंग छाटणे, असा आहे. त्या रात्री मी लॅमच्या वाटेने निघून बाउडलरच्या घरी पोहोचलो होतो, हे मला कबूल केले पाहिजे.

आता एक मौजेची गोष्ट सांगतो. विद्यासागरांचे जे पुस्तक १८५४ साली सोपे म्हणून लिहिले गेले, ते आज माझ्या नातीला एकटीने वाचता येत नाही. त्यातील बंगाली संस्कृतप्रचुर आहे. विसाव्या शतकात लेखनाची भाषा बोलीच्या जवळ आली आणि विद्यासागरांचे गद्य मागे राहिले. मासीमांना ते ओळीओळीने समजावून द्यावे लागते. म्हणजे सोपे केलेले पुस्तकही काही पिढ्यांनी अवघड होते. कालिदास मात्र जेथे होता तेथेच आहे. रूपांतर वयस्क होते, मूळ होत नाही. म्हणूनच प्रत्येक पिढीला आपले रूपांतर नव्याने करावे लागते, आणि ते करता यावे म्हणून मूळ जपून ठेवावे लागते. मूळ हरवले आणि केवळ कालचे रूपांतर उरले, तर उद्याचा रूपांतरकार कशावरून लिहील?

महाराष्ट्रातही हेच घडले आहे. परशुरामतात्या गोडबोले आणि कृष्णशास्त्री राजवाडे यांनी संस्कृत नाटके मराठीत आणली ती वाचणाऱ्यांसाठी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला तो ऐकणाऱ्यांसाठी. त्या रात्री पहिले चार अंकच झाले. कालिदासाच्या श्लोकांना त्यांनी साकी, दिंडी अशा घरच्या चाली दिल्या आणि ज्यांनी संस्कृताची पाटीही पाहिली नव्हती अशा माणसांच्या ओठांवर शकुंतला आणून बसविली. त्या वेळी जी नाटके रात्रभर चालत, ती आज तीन तासांत बसवावी लागतात. पदे कमी होतात, प्रवेश गळतात. यात रडण्यासारखे काही नाही. शेवटची गाडी गाठावयाची असलेल्या प्रेक्षकाला पहाटेपर्यंत बसा असे कोण म्हणणार? प्रश्न कात्रीचा नाही, कात्री कोठे लावली याचा आहे.

नाटककार स्वतःदेखील हे करीत आले आहेत. रवींद्रनाथांनी आपले ‘अचलायतन’ १९१८ मध्ये ‘गुरु’ या नावाने रंगभूमीसाठी आटोपशीर केले. ‘राजा’ या नाटकाचे १९२० साली ‘अरूपरतन’ झाले. १८८९ सालच्या ‘राजा ओ रानी’ने त्यांचे समाधान होईना, तेव्हा चाळीस वर्षांनी त्यांनी तोच विषय घेऊन ‘तपती’ हे नवे नाटक लिहिले. परंतु जुनी नाटके त्यांनी नष्ट केली नाहीत. आज वाचकाला दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहता येतात.

आणि खुद्द कालिदास तरी काय करीत होता? महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलेच्या कथेत शाप नाही आणि मुद्रिकाही नाही. तेथे दुष्यंताला सारे आठवते आणि तरीही तो ‘मी तुला ओळखत नाही’ असे खोटे बोलतो. अखेरीस आकाशवाणी होते तेव्हा तो तिचा स्वीकार करतो आणि लोकांना संशय येऊ नये म्हणून आपण असे वागलो, असे सांगतो. ही कथा कालिदासाने आपल्या काळाच्या रंगभूमीसाठी बदलली. शाप घालून त्याने राजाचा दोष सौम्य केला. कोणी म्हणेल, कालिदासाने एवढा फेरफार केला तर आजोबांनी चार वाक्ये गाळली म्हणून काय बिघडले?

हाच विचार मी त्या रात्री अंथरुणावर पडून करीत होतो, आणि त्याचे उत्तर मला त्या तिन्ही पुस्तकांतच सापडले. महाभारतातील शकुंतला राजसभेत सत्य, पत्नीचा धर्म आणि पुत्राचा हक्क यांवर प्रदीर्घ भाषण करते. कालिदासाने ते भाषण पुष्कळ आखडले, परंतु त्याचा दंश एका शब्दात साठवून ठेवला. शाप घालून राजाला सूट दिली, तरी तिचा राग त्याने काढून घेतला नाही. कारण तिला शापाची कल्पनाच नाही. तिच्या दृष्टीने तो पुरुष खोटेच बोलत आहे. विद्यासागरांनी श्लोक सोडले, सूत्रधार सोडला, शृंगार आवरला, पण तो राग ठेवला. म्हणजे महाभारतकार, कालिदास आणि विद्यासागर या तिघांच्या हातून जे सुटले नाही ते मी एका पानाच्या उलटण्यात सोडून दिले होते. आणि ते कोणासमोर? तर जिला उद्या जगात वावरावयाचे आहे अशा एका मुलीसमोर. अन्याय झाला की रडत निघून जावे, एवढाच धडा मी तिच्यासाठी त्या नाटकात शिल्लक ठेवला होता.

तेव्हा ज्यांना घरी मुलांना जुनी नाटके वाचून दाखवावयाची आहेत अशा आईवडिलांना, आणि आजीआजोबांना तर विशेष करून, माझ्या चुकीवरून सुचलेल्या दोनचार गोष्टी सांगतो. शब्द खुशाल बदलावेत. ‘प्रत्याख्यान’ हा शब्द मुलाला येत नसेल तर ‘राजाने तिला नाकारले’ असे म्हणावे. त्याने कालिदास लहान होत नाही. लांबलेली वर्णने आखडावीत. ऐकणाऱ्याचे लक्ष हीही जपण्याची वस्तू आहे. परंतु ज्या प्रसंगावर पात्राचा स्वभाव उभा आहे त्याला हात लावण्यापूर्वी, तो काढला तर हे माणूस तेच राहील काय, असे स्वतःला विचारावे. जे गाळले असेल ते लपवू नये. ‘येथे थोडा भाग आहे, तो तू मोठी झालीस की वाच,’ एवढे म्हटले तरी पुरे. मुलांना दार बंद असल्याचे दुःख होत नाही, दार आहे हेच न सांगितल्याचे होते. आणि शक्य तर मूळ पुस्तक, निदान त्याचे पूर्ण भाषांतर, घरातील कपाटात असू द्यावे. आज कोणी ते उघडणार नाही कदाचित; पण कधीतरी कोणीतरी आजोबांना पकडावयास ते उघडील.

परतण्याच्या आदल्या दिवशी नातीला घेऊन मी कॉलेज स्ट्रीटवर गेलो. पुस्तकांच्या टपऱ्यांतून वाट काढीत आम्ही कॉलेज स्क्वेअरच्या तळ्यापाशी आलो. शेजारीच संस्कृत महाविद्यालय आहे आणि तळ्याच्या आवारात विद्यासागरांचा पुतळा आहे. त्या पुतळ्यासमोर तिने मला विचारले, ‘आजोबा, यांनी पण काही गाळलं होतं का?’

‘हो,’ मी म्हणालो, ‘पण त्यांनी ते पहिल्याच पानावर सांगून टाकलं होतं.’

त्या रात्री पाचवा अंक आम्ही पुन्हा वाचला. या वेळी शकुंतलेची वाक्ये तिला दिली आणि राजाची मी घेतली. ‘अनार्य’ या शब्दाचा अर्थ तिने विचारला. मी तो सांगितला. मग तिने तो शब्द असा उच्चारला की स्वयंपाकघरातून तिची आई हातातले काम टाकून दाराशी येऊन उभी राहिली. माझ्या वाट्याला राजाचे उत्तर होते. ते वाचावयास मला थोडा वेळ लागला.